कांद्याचे काम कोण करणार?

पाककृतींच्या व्हिडिओंमुळे 'शॅलट' मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन ठेपला आहे. जिन्नस नव्हे, त्याचे नाव. थाई करी असो, केरळी उळ्ळी तीयल असो की तमिळ पद्धतीचे सांबार, यादीत दहा-बारा शॅलट नाहीतर सांबार कांदे असतातच. नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत ते सहसा नजरेस पडत नाहीत. मिळालेच तर एखाद्या मोठ्या दुकानात, जाळीच्या पिशवीत आणि साध्या कांद्यापेक्षा बरेच महाग. मग त्याऐवजी काय, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: नसेल तर साधा कांदा घ्या. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. त्या पदार्थात तो कांदा नेमके काय करतो आहे, हे त्यात कुठेच येत नाही. आणि साधा कांदाच ऐंशी-शंभर रुपयांवर गेला की हाच प्रश्न उलटून घरात येतो: आता कांद्याऐवजी काय? माझे म्हणणे असे की दोन्ही प्रश्न एकाच पद्धतीने सोडवायचे आहेत. जिन्नसाला जिन्नस शोधत बसण्याऐवजी त्याचे काम ओळखावे आणि त्या कामाला आपल्या बाजारात, आपल्या डब्यांत काय आहे ते पाहावे. ही पद्धत मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. इथल्या घरांत ती रोज वापरात आहे, फक्त पाककृती लिहिणाऱ्यांनी तिची दखल घेतलेली नाही.

आधी शॅलटचेच पाहू. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आणि आपला कांदा एकाच जातीचे. फरक एवढाच की साध्या कांद्याचे एक रोप एक गड्डा धरते, तर शॅलट लसणीसारखा घोसाने येतो. तमिळनाडूत पेरंबलूर, दिंडीगुल भागात त्याची मोठी लागवड आहे आणि कोईमतूरच्या कृषी विद्यापीठाने त्याचे 'को' मालिकेतले वाणही काढले आहेत. त्यात पाणी कमी आणि घन भाग जास्त असतो. म्हणून तो लवकर परततो, कडेने छान तांबूस होतो आणि अख्खा टाकला तर शिजूनही आकार धरून राहतो. आता याला आपल्या बाजारातला सर्वांत जवळचा नातेवाईक कोण? हातात मावणारा, पाण्याने टच्च भरलेला मोठा कांदा नक्कीच नव्हे. तो आहे गोल्टी. बाजार समितीत माल निवडताना मोठ्या कांद्यातून बाजूला काढलेला हा बारका कांदा. ढिगाच्या कडेला पडलेला, भाव कमी आणि गिऱ्हाइकाचे लक्षही कमी. त्यातही उन्हाळ कांद्याची गोल्टी घ्यावी. उन्हाळ कांदा शेतात आणि नंतर सावलीत चांगला सुकवून चाळीत टाकलेला असतो, त्यामुळे त्याचे साल घट्ट आणि अंग कोरडे. पावसाळ्यानंतर येणारा लाल कांदा ओलसर असतो. तो कढईत आधी पाणी सोडतो, मग उकडतो आणि परतण्याची वेळ येईपर्यंत लगदा होतो. म्हणजे 'साधा कांदा घ्या' असे सांगताना कुठला कांदा, कुठल्या हंगामातला आणि केवढा, हे सांगितले तर सल्ल्याला काही अर्थ येतो. आणि मोठा कांदाच घ्यावा लागला तर मोजून नव्हे, वजनावर घ्यावा. दहा शॅलटच्या जागी दहा कांदे घालणारे कुणी नसले, तरी दोन घालायचे की तीन यावर पदार्थ बिघडतोच.

पण मुळात कांदा पदार्थात काय काय करतो? स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकीला हे हाताने ठाऊक असते, शब्दांत क्वचित मांडले जाते. तिखटपणाचे बघा. अख्ख्या कांद्याला फारसा वास येत नाही, तो सुरी लागल्यावर येतो. पेशींत एका कप्प्यात गंधकयुक्त द्रव्ये आणि दुसऱ्यात विकर असते. चिरताना दोन्ही एकत्र येतात आणि झणका उठतो. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या वायूसाठी तर वेगळेच विकर काम करते, हे 2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले आणि 2013 मध्ये त्यांना त्याबद्दल गमतीदार संशोधनासाठी दिले जाणारे इग नोबेलही मिळाले. उष्णतेने ही विकरे निकामी होतात. म्हणून अख्खी गोल्टी सांबारात उकळली तर गोड लागते आणि तीच बारीक चिरून कच्ची घेतली तर नाकात जाते. कांदा एकच, कामे दोन. तिसरे काम मंद आचेवरचे. पाणी उडते, साखर उरते, ती तांबूस होत जाते आणि रश्श्याला गोडसर, भाजका पाया मिळतो. चौथे काम अंगाचे: वाटलेला किंवा परतून गळून गेलेला कांदा पाणी आणि तेल धरून ठेवतो, रस्सा पातळ वाटत नाही. पाचवे काम दाताखाली कुरकुर देण्याचे. एकाच पदार्थात ही पाचही कामे क्वचितच लागतात. बहुतेक वेळा एक मुख्य असते, एखादे दुय्यम. पर्याय चुकतो तो इथेच. अंगासाठी घातलेल्या कांद्याच्या जागी आपण वासाचा जिन्नस टाकतो, किंवा वासासाठी असलेल्याच्या जागी अंगाचा, आणि मग 'कांद्याशिवाय चवच नाही' असे म्हणून मोकळे होतो.

अंगाच्या कामाला मराठवाड्याइतके पर्याय फार थोड्या ठिकाणी असतील. हॉटेलातल्या कांदा-टोमॅटोच्या तयार ग्रेव्हीने आपली अशी समजूत करून दिली आहे की रश्श्याला दाटपणा हवा म्हणजे कांदा परतायलाच हवा. इथल्या लग्नघरातल्या येसर आमटीने ही समजूत केव्हाच खोटी ठरवली आहे. ज्वारी, गहू, बाजरी यांपैकी घरच्या रिवाजाप्रमाणे धान्य, हरभऱ्याची डाळ, धने-जिरे आणि गरम मसाला खमंग भाजून दळून ठेवायचा, तो येसर. आमटी करताना तो कधीही थेट उकळत्या पाण्यात टाकत नाहीत, गुठळ्या होतात. आधी थंड पाण्यात कालवतात, लसणाच्या फोडणीवर पाणी उकळले की हे कालवलेले ओततात आणि डाव फिरता ठेवतात. सुरुवातीला आमटी पाण्यासारखी दिसते. दोन-तीन उकळ्या आल्या की पीठ फुगते, वर तेलाचा तवंग सुटतो आणि भाकरी चुरून खावी असा झणझणीत, अंगाचा रस्सा तयार होतो. यात भाजकेपणा आहे, दाटपणा आहे, आणि दोन्ही कामे कांद्याशिवाय झालेली आहेत. वांग्याच्या भाजीत तेच काम शेंगदाण्याचे आणि तिळाचे कूट करते, कुठे कारळाचे, कुठे जवसाचे. लातूर, धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात जी भज्जी होते, तिला हरभऱ्याच्या पिठाने अंग येते आणि हंगामातल्या शेंगा-दाण्यांनी गोडवा. ज्या भागात तूर पिकते आणि लातूरसारखी डाळीची बाजारपेठ आहे, तिथे तर घोटलेली डाळ हाच सर्वांत जुना दाट रस्सा. मलेशियन किंवा थाई करीसाठी वाटलेल्या शॅलटचे मुख्य काम अंगाचे असते आणि त्यात नारळाचे दूध येतेच. तिथे थोडी गोल्टी आणि चमचा-दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचे वाटण घातले तर मूळ पदार्थाशी बेइमानी होत नाही. शेंगदाणा त्या स्वयंपाकालाही परका नाही.

वासाचे काम अवघड आहे, आणि इथे हिंग पुढे येतो. कांदा-लसणाच्या वासामागे गंधकयुक्त संयुगे असतात, हिंगाच्या वासामागेही तीच मंडळी, वेगळ्या रूपात. म्हणून कच्चा हिंग नकोसा वाटतो आणि गरम तेलात पडला की कांदा-लसूण परतल्याचा भास देतो. यासाठी तेल खरोखर तापलेले हवे आणि हिंग चिमूटभरच. बाजारातला हिंग बहुतेक पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, त्यामुळे एका डबीची चिमूट दुसऱ्या डबीच्या चिमटीएवढी नसते. आपल्याकडे कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात त्याची लागवड ऑक्टोबर 2020 मध्ये सुरू झाली, पण ते झाड हिंग द्यायला काही वर्षे घेते. हिंगाला पर्याय म्हणून, किंवा त्याच्या जोडीने, कांद्याची पात आहे. पात म्हणजे नुसती वरून भुरभुरायची हिरवळ नव्हे. तिचा पांढरा भाग फोडणीत आणि हिरवा शेवटी घातला तर शॅलटचा सौम्य, हिरवट गोडवा तिच्यात बऱ्यापैकी सापडतो. निदान कोशिंबिरीत आणि दह्याच्या पदार्थांत तरी जून कांद्यापेक्षा पात शॅलटला जवळची, असे माझे मत आहे.

पर्यायांची ही सगळी विद्या घरात टिकून राहिली ती एका कॅलेंडरमुळे, याचा विसर पडू नये. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी, कांदेनवमी. त्या दिवशी भजी, थालीपीठ, झुणका, जे जे कांद्याचे ते सगळे खाऊन घ्यायचे, आणि मग चातुर्मासभर अनेक घरांत कांदा-लसूण-वांगे बंद. माळकरी घरांत तर अनेकदा बाराही महिने. बरीच घरे हे व्रत कार्तिकीला न सोडता मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीपर्यंत नेतात, आणि त्या दिवशी खंडोबाला वांग्याचे भरीत, कांद्याची पात आणि बाजरीची भाकरी दाखवून कांदा पुन्हा घरात घेतात. त्याच मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. आता हेच महिने कांद्याच्या पिकाच्या बाजूने पाहा. देशातला सुमारे सत्तर टक्के कांदा रब्बीचा. तो मार्चअखेरपासून मेपर्यंत निघतो आणि चाळीत साठवून पुढचे चार-पाच महिने पुरवायचा असतो. पावसाळी दमटपणात तो कोंब धरतो, सडतो, वजनाने घटतो. ऑगस्टपासून साठा उतरू लागतो आणि खरिपाचा नवा कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरशिवाय बाजारात येत नाही. तो पावसात सापडला, जसा 2019 च्या परतीच्या पावसात सापडला, तर भाव शंभरी गाठतात. म्हणजे चातुर्मासाचे चार महिने आणि कांद्याच्या टंचाईचे महिने जवळजवळ एकावर एक बसतात. धर्माने टंचाई ओळखून नियम केला, असा दावा करायला माझ्याकडे पुरावा नाही आणि तो करण्याचे कारणही नाही. परिणाम मात्र दिसतो: वर्षातला एक मोठा काळ कांद्याशिवाय रांधायचा सराव या घरांना आहे, आणि तो सराव उपासमारीचा नसून चवीचा आहे.

कुरकुरीच्या आणि कच्च्या कांद्याच्या बाबतीत मात्र मी पर्यायांचा फार आग्रह धरणार नाही. भाव वाढले की हॉटेलांत कांद्याऐवजी ताटात मुळा-काकडी येते आणि भज्यांत कोबी शिरतो. मुळा एकवेळ चालतो, त्याचा झणकाही गंधकाच्याच घराण्यातला आहे. त्याच्या चकत्या मीठ लावून पिळून घेतल्या आणि लिंबू मारले तर भाकरीसोबत तो कांद्याची जागा काही अंशी घेतो. कोबीची भजी मात्र कोबीचीच भजी. ती चांगली होतात, पण त्यांना कांदाभजी म्हणून खपवणे ही फसवणूक आहे. तीच गोष्ट बिर्याणीवरच्या तळलेल्या कांद्याची. नांदेड-लातूरचा भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हैदराबादी बिर्याणी आणि तहारी इथल्या ताटात पाहुण्यासारखी नाही, घरच्यासारखी आहे. तिच्यातला कुरकुरीत तांबूस कांदा दह्यात मुरतो, मांसाला रंग देतो, वरून गोडवा देतो. एकाच वेळी तीन कामे. तिथे पर्याय शोधू नये. परवडत नसेल तर त्या दिवशी बिर्याणी करू नये, शेंगदाण्याची आमटी करावी.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो रास्त आहे. कांद्याला पर्याय सुचवणारा लेख म्हणजे 'महाग आहे तर खाऊ नका' हेच गोड भाषेत सांगणे नव्हे काय? डिसेंबर 2019 मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत, चर्चेतल्या एका टोमण्याला उत्तर देताना, आपण कांदा-लसूण फारसे खात नाही असे सांगितले आणि त्यावर गदारोळ झाला. ऑगस्ट 2023 मध्ये, केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावल्यानंतर, राज्यातले मंत्री दादा भुसे यांनी ज्यांना परवडत नाही त्यांनी दोन-चार महिने कांदा खाल्ला नाही तर काय बिघडते, अशा अर्थाचे विधान केले. लोक चिडले, आणि चिडायलाच हवे होते. धोरणाच्या अपयशाला ताटातल्या त्यागाने उत्तर देता येत नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला आणि हमाली-तोलाई-वाहतूक वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. धाराशिवच्या शेजारचाच हा तालुका. सहा महिन्यांत शुल्क आले, 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली. भाव पडले तर शेतकऱ्याने सोसायचे आणि चढले तर गिऱ्हाइकाने कमी खायचे, ही वाटणी कुणालाच मान्य होणार नाही. पण मी जे म्हणतो आहे ते सरकारसाठी नाही, स्वयंपाकघरासाठी आहे. कांदा महाग झाला म्हणून सरकारला जाब विचारणारी बाई त्याच संध्याकाळी काहीतरी रांधणारच असते. तिने येसर वापरला म्हणून तिचा जाब विचारण्याचा हक्क कमी होत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. कूट, तीळ, खोबरे हे कांद्यापेक्षा किलोला कितीतरी महाग, मग पर्याय कसला? किलोच्या भावाने पाहिले तर खरे आहे, पण कढईत किलो पडत नाही. कांद्यात नव्वदीच्या जवळपास टक्के पाणीच असते. दोनशे ग्रॅम कांदा परतला की त्यात रश्श्याला अंग देणारा घन भाग पंचवीस-तीस ग्रॅमच उरतो. तेवढेच अंग तेवढ्याच वजनाचे कूट देते. शेंगदाणे किलोला 150 रुपये धरले तर पंचवीस ग्रॅमचे चार रुपयेही होत नाहीत. कांदा वीस रुपयांवर असताना दोनशे ग्रॅमचे चार रुपये, शंभरवर गेला की वीस. म्हणजे स्वस्ताईत दोघे बरोबरीत आहेत, आणि तेव्हा कांदाच घालावा, कारण तो अंगासोबत गोडवा आणि वासही देतो. महागाईत मात्र अंगासाठी कांदा जाळणे हा सरळ तोटा आहे. महागाच्या दिवसांत घरात दोनच कांदे असतील तर ते परतून रश्श्यात विरघळवण्याऐवजी कच्चे, भाकरीसोबत खावेत. जिथे कांद्याला पर्याय नाही तिथे कांदा, जिथे आहे तिथे पर्याय. ज्या घरात कांदा-भाकरी हेच जेवण आहे, त्या घराला तर हा सगळा हिशेब लागूच होत नाही. तिथे कांदा हे कालवण आहे आणि त्याच्या जागी काजू-मगजची पेस्ट सुचवणाऱ्याने आधी त्या घरात जाऊन यावे.

तिसरा आक्षेप अस्सलपणाचा, आणि तो मला सर्वांत कमी पटतो. सांबारात छोटे कांदे नसतील तर ते सांबारच नव्हे, असे ठासून सांगणारे पुष्कळ आहेत. तमिळ घरातल्या कांद्याच्या सांबाराबद्दल हे खरे आहे. तिथे अख्खा कांदा हाच पदार्थाचा विषय आहे, चमच्यात आला पाहिजे, दाताखाली फुटला पाहिजे. त्यासाठी गोल्टी हाच पर्याय, चिरलेला कांदा नव्हे. पण सांबाराची म्हणून एकच जात नाही. ज्या उडुपीच्या नावाने देशभर हॉटेले चालतात, त्या उडुपीच्या कृष्णमठाच्या स्वयंपाकात कांदा-लसूण चालतच नाही. तिथले सांबार डाळ, चिंच, नारळ, मसाला आणि हिंगावर उभे राहते. म्हणजे गंजगोलाईत सांबार कांदा मिळाला नाही म्हणून खट्टू होणाऱ्या माणसाने बिनकांद्याचे सांबार केले तर तो उडुपीच्या जास्त जवळ जातो. मूळ चवीचा आग्रह धरताना कुठल्या गावचे, कुठल्या घरचे मूळ, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थाई आणि मलेशियन पदार्थांचेही असेच. बेंगळुरूकडचा बारका 'रोझ' कांदा वर्षानुवर्षे मलेशिया-सिंगापूरला निर्यात होत आला आहे. तिथल्या स्वयंपाकघरात आपल्याकडचा छोटा कांदा चालतो आणि आपण मात्र त्यांच्या पाककृतीसाठी परदेशी नावाचा कांदा शोधतो, हे जरा गमतीचेच.

कांदा टाळण्याचे एक कारण असेही आहे ज्यात भाव आणि चव दोन्ही बाजूला पडतात. कांद्यात फ्रुक्टन नावाची कर्बोदके असतात. ज्यांचे आतडे नाजूक आहे त्यांचे पोट त्यांमुळे फुगते, दुखते. शॅलटही याला अपवाद नाही, त्यामुळे 'कांदा बाधतो म्हणून शॅलट' हा सल्ला निरुपयोगी आहे. पातीच्या हिरव्या भागात ही द्रव्ये अगदी कमी असतात. शिवाय ती पाण्यात उतरतात, तेलात नाही. म्हणून तेलात कांदा परतून तो काढून टाकला आणि त्या तेलात फोडणी दिली तर वास मिळतो, त्रास होत नाही. आपल्याकडे अशा माणसाला 'तुला कांदा पचत नाही, मग तू काय खाणार' असे विचारून पानावर वरण-भात वाढला जातो. वरण-भात उत्तमच, पण रोज तोच का?

मग पाककृती लिहिणाऱ्यांनी, व्हिडिओ करणाऱ्यांनी काय करावे? यादीत 'शॅलट 10' लिहिण्याऐवजी 'बारके कांदे, सोलून 100 ग्रॅम, अख्खे राहायला हवेत' किंवा 'कांदा 100 ग्रॅम, वाटणाला अंग येण्यासाठी' असे लिहावे. दोन-चार शब्द जास्त पडतील, पण वाचणारी नांदेडची असो की न्यू जर्सीची, तिला आपल्या बाजारात काय शोधायचे ते कळेल. सुकवलेल्या कांद्याच्या चकत्या आणि पावडर आता सगळीकडे मिळते. गुजरातेत महुव्याला आणि आपल्याकडे जळगावला कांदा सुकवण्याचे मोठे कारखाने आहेत. ही पावडर कुठे चालते हेही सांगावे. भाजका वास आणि गोडवा ती बऱ्यापैकी देते, कुरकुर अजिबात देत नाही, आणि एका मध्यम कांद्याला सपाट चमचाभर पुरते. लोक ती कांद्याच्या मापाने घालतात आणि मग पदार्थ कडवट झाला म्हणून पावडरीला नावे ठेवतात.

गोल्टीच्या बाजूने एवढे बोलून झाल्यावर तिची अडचणही सांगितली पाहिजे, कारण ती पाककृतीत कधीच लिहिलेली नसते. अर्धा किलो मोठा कांदा सोलायला पाच मिनिटे पुरतात, तेवढीच गोल्टी सोलायला वीसही लागू शकतात. हा वेळ बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचा जातो आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. 'सांबार कांद्याची मजाच वेगळी' म्हणणारा बहुधा सोलायला बसलेला नसतो. शेंडा-बुडखा उडवून गोल्टी दहा मिनिटे कोमट पाण्यात टाकली तर साल सैल होते आणि चिमटीत धरून ओढले की निघून येते. वरचा एखादा पापुद्रा जातो, जाऊ द्यावा. तरीही वेळ नसेल तर मोठा कांदा चार फाकी करून, बुडखा न काढता टाकावा, म्हणजे पाकळ्या सुटत नाहीत. बुडखा खाताना बाजूला काढता येतो.